मुक्या मारानंतरची कावीळ: पित्तनलिकेची इजा ओळखण्यापासून स्टेंट काढेपर्यंत काय, कधी आणि कोणत्या क्रमाने करावे

एप्रिल-मे महिन्यांत हापूसच्या झाडावरून पडलेला माणूस जुलैमध्ये, ऐन लावणीच्या दिवसांत, पिवळे डोळे आणि ताप घेऊन दवाखान्यात येतो आणि त्याला 'लेप्टो' (उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस) किंवा 'साधी कावीळ' समजून औषध सुरू होते. पडल्याची गोष्ट तोपर्यंत घरचेही विसरलेले असतात, कारण तेव्हा पोटावर जखम दिसत नव्हती, रक्त आले नव्हते आणि सोनोग्राफीही 'ठीक' आली होती. पोटाच्या मुक्या मारात पित्तनलिकेला इजा होणे हा प्रकार विरळा आहे. परंतु विरळा असल्यामुळेच तो कोणाच्या मनात येत नाही. कोकण किनारपट्टीवरच्या तालुक्याच्या गावी शल्यचिकित्सा करताना ही चूक मी अनेकदा पाहिली आहे आणि एकदा स्वतःही केली आहे. हा लेख मुख्यतः नातेवाइकांसाठी आहे. पहिल्यांदा रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरांनाही तो उपयोगी पडावा.

## आधी एवढे समजून घ्यावे

यकृतात तयार होणारे पित्त आतड्यापर्यंत नेणारी मुख्य नलिका साध्या पेन्सिलीहून जाड नसते. वरच्या टोकाला ती यकृतात रुजलेली असते आणि खालच्या टोकाला स्वादुपिंडात शिरलेली असते. मधला भाग तेवढा मोकळा असतो. पोटावर जोराचा आघात झाला की यकृत जागचे हलते, नलिका ताणली जाते किंवा पाठीच्या कण्यावर दाबली जाते, आणि दोन्ही बाजूंनी बांधलेला दोर हिसका बसल्यावर जसा गाठीजवळ तुटतो तशी ती बहुतेक वेळा या दोन पक्क्या टोकांजवळच फाटते.

यातून दोन निराळे आजार होतात. नलिका फाटली तर पित्त पोटात झिरपते, आणि हे काही दिवसांत ते तीन-चार आठवड्यांत कळते. नलिका फाटली नाही, पण तिच्या भिंतीला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या चिरडल्या गेल्या, तर ती जागा हळूहळू वणासारखी घट्ट होत जाते आणि नलिका अरुंद होते. हे कळायला काही आठवडे, बहुधा महिने आणि क्वचित वर्षेही लागतात. मार आणि कावीळ यांमधला हा काळच सगळ्यांना फसवतो. म्हणून पुढच्या प्रत्येक टप्प्यात माराची तारीख कागदावर ठेवण्याचा आग्रह पुन्हा पुन्हा येईल. तो कंटाळवाणा वाटला तरी सोडू नये.

## टप्पा १: मार लागलेल्या जागी

१. रुग्णाला उताणे निजवावे, उलटी होत असल्यास सर्व अंग एकसंध ठेवून कुशीवर करावे आणि १०८ ला फोन करावा. उंचीवरून पडला असल्यास मानेला व पाठीला हिसका बसू देऊ नये. दुचाकीवर मधे बसवून, मागून दुसऱ्याने धरून नेणे हा आपल्याकडचा सर्रास प्रकार आहे. पोटात फाटलेले काही असेल तर प्रत्येक खड्ड्याला ते अधिक फाटते.

२. तोंडाने काहीही देऊ नये. पाणी नको, सरबत नको, 'थोडा चहा' तर नकोच.

३. पोट चोळू नये, तेल-हळद लावून शेकू नये, पट्ट्याने आवळू नये.

४. कोणीतरी एकाने तिथेच मोबाइलवर पाच गोष्टी लिहून घ्याव्यात: तारीख व वेळ, मार कशाचा, किती उंचीवरून किंवा किती वेगाने, पोटाच्या कोणत्या बाजूला, आणि शेवटचे खाणे कधी झाले.

'मार कशाचा' याचे उत्तर नेमके हवे. सायकलवरून पडलेल्या मुलाच्या बाबतीत 'पडला' एवढे पुरत नाही. हँडलचे टोक पोटात रुतले का, हे विचारावे. बरगड्यांखाली रुपयाच्या नाण्याएवढा गोल वळ दिसत असेल तर त्याचा फोटो काढावा, कारण दोन दिवसांत तो पुसट होतो, आणि तेवढ्याशा वळाखाली स्वादुपिंड, आतडे किंवा पित्तनलिका दुखावलेली असू शकते. धक्क्याला लागताना होडीची कड आणि भिंत यांमध्ये सापडलेला खलाशी, गोठ्यात बैलाने ढुसणी दिलेली बाई, महामार्गावर स्टिअरिंगवर आदळलेला चालक या सर्वांना हाच नियम लागू आहे.

इशारा: पोलिसांचा फेरा नको म्हणून किंवा बागमालकाला त्रास नको म्हणून 'घरातच पाय घसरून पडलो' असे सांगितले जाते. डॉक्टर मग दोन फूट उंचीच्या पडण्याची तपासणी करतात, वीस फुटांच्या नव्हे. शिवाय पुढे सरकारी जन आरोग्य योजनेतून उपचार घ्यायचे झाले की अपघाताच्या कागदांत आणि प्रत्यक्षात मेळ बसत नाही.

## टप्पा २: पहिल्या रुग्णालयातले पहिले दोन दिवस

तातडीच्या सोनोग्राफीत पोटात द्रव आहे की नाही एवढे दिसते. तो द्रव रक्त आहे की पित्त, हे तिला सांगता येत नाही, आणि पहिल्या तासांत झिरप थोडी असेल तर द्रवही दिसत नाही. म्हणून 'सोनोग्राफी नॉर्मल आहे, घरी न्या' हे वाक्य ऐकल्यावर नातेवाइकांनी विनम्रपणे पण स्पष्ट विचारावे: पोट अजून दुखत आहे, तर निरीक्षणाखाली ठेवता येईल का, आणि शिरेतून औषध देऊन करायचा सीटी स्कॅन करायला हवा का? उजव्या बरगड्यांखाली दुखणे, उजव्या खांद्याच्या टोकाला कळ येणे, पोट कडक लागणे, नाडी जलद होत जाणे ही घरी न जाण्याची कारणे आहेत.

सीटीत यकृताला चीर दिसली म्हणजे लगेच शस्त्रक्रिया, असे नसते. रक्तदाब स्थिर असेल तर यकृताच्या बहुसंख्य इजा आज पोट न उघडता, निरीक्षणाखाली बऱ्या केल्या जातात आणि ते योग्यच आहे. परंतु पोट उघडलेले नसते म्हणून पित्तनलिका कोणी डोळ्यांनी पाहिलेली नसते, हेही लक्षात ठेवावे. सीटीत नलिकेची फाट थेट दिसतेच असे नाही. यकृताच्या देठाजवळ किंवा स्वादुपिंडाच्या डोक्याजवळ द्रव किंवा रक्ताची गुठळी दिसली असेल, तर पुढच्या काळात पित्तनलिकेकडे विशेष लक्ष द्यावे लागते. अहवालात असा उल्लेख आहे का, हे डिस्चार्जपूर्वी विचारून घ्यावे.

पुढे पाठवण्याची वेळ आली तर अंतराचा विचार जिल्ह्याच्या हद्दीने करू नये. सावंतवाडी-कुडाळकडच्या रुग्णाला गोव्यातले बांबोळी जवळ पडते, रत्नागिरीकराला आंबा घाटाने कोल्हापूर, चिपळूणकराला कुंभार्ली घाटाने कऱ्हाड, आणि अलिबाग-पेणकराला मुंबई. पावसाळ्यात घाटात दरड आहे का, हे रुग्णवाहिका सुटण्यापूर्वी विचारावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, तिथे ईआरसीपी (तोंडावाटे दुर्बीण घालून पित्तनलिकेवर करायचा उपचार) करणारे तज्ज्ञ त्या दिवशी उपलब्ध आहेत का, याची खात्री पाठवणाऱ्या डॉक्टरांकडून फोनवर करून घ्यावी. ही सोय नसलेल्या मोठ्या इमारतीत दोन दिवस घालवून मग तिसरीकडे जाणारे रुग्ण मी पाहिले आहेत.

## टप्पा ३: घरी जाताना फाइल अशी लावावी

फाइलच्या मुखपृष्ठावर जाड पेनाने एक ओळ लिहावी: 'पोटाला मुका मार', त्याखाली तारीख आणि कशाचा मार. आत डिस्चार्ज कार्ड, सीटीचा अहवाल आणि सीटीची सीडी, सर्व रक्त तपासण्या तारखेच्या क्रमाने, आणि शस्त्रक्रिया झाली असल्यास तिची सविस्तर नोंद. सीडी मागितल्याशिवाय बहुधा मिळत नाही, आणि पुढच्या तज्ज्ञाला अहवालापेक्षा चित्रेच हवी असतात. हे सर्व जाड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावे, कारण आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातल्या कागदालाही बुरशी धरते.

आंब्याच्या बागांत आणि बोटींवर नेपाळहून आलेले कामगार मोठ्या संख्येने असतात. हंगाम संपला की ते गावी जातात आणि नेमका त्यानंतरच अरुंदपणा डोके वर काढतो. अशा रुग्णाच्या फाइलमध्ये हिंदीत अर्धे पान लिहून द्यावे: मार कधी लागला, काय दिसले तर थांबायचे नाही, कोणती तपासणी कधी करायची. बागमालकाने किंवा तांडेलाने (बोटीच्या प्रमुखाने) हे करून घेतले तर माणूस वाचतो. मी तरी तो त्यांच्या जबाबदारीचाच भाग मानतो.

पडताळणी: घरी जाण्यापूर्वी एलएफटी, म्हणजे यकृताची रक्त तपासणी, किमान एकदा झालेली असावी. मारानंतर पहिल्या दिवसांत एसजीपीटी (या तपासणीतला एक आकडा) वाढलेले असते, ते यकृत चेचल्यामुळे, आणि हळूहळू उतरते. पुढच्या तुलनेसाठी हा पहिला आकडा हाताशी लागतो.

## टप्पा ४: घरी सहा महिने काय पाहावे

पहिला महिना रोज, नंतर आठवड्यातून एकदा, पुढील गोष्टी पाहाव्यात. सगळे मिळून पाच मिनिटांचे काम आहे.

डोळे. सकाळी पडवीत किंवा अंगणात, उजेडाकडे तोंड करून, खालची पापणी ओढून पांढरा भाग पाहावा. पिवळ्या दिव्याखाली पाहण्यात अर्थ नाही. रक्तातले बिलिरुबिन साधारण १ पर्यंत असते आणि डोळ्यांत पिवळेपणा उमटायला ते अडीच-तीनपर्यंत चढावे लागते. म्हणजे डोळे स्वच्छ दिसणे हा पूर्ण दिलासा नव्हे.

लघवी आणि शौच. भरपूर पाणी पिऊनही लघवी कोऱ्या चहासारखी गडद होत असेल, किंवा शौचाचा रंग जाऊन ते शाडूच्या मातीसारखे फिकट झाले असेल, तर पित्त आतड्यात पोहोचत नाही असा अर्थ होतो. रुग्णाला हे सांगायला संकोच वाटतो, म्हणून थेट विचारावे.

पोटाचा घेर. पहिल्या दिवशी पायजम्याची नाडी बेंबीच्या पातळीवर पोटाभोवती धरून जिथे टोके जुळतात तिथे गाठ मारावी. पुढे रोज त्याच नाडीने मोजावे. गाठ पुरेनाशी झाली तर पोटात द्रव साठत आहे. पित्त जंतुरहित असेपर्यंत पोट फारसे दुखतही नाही. नुसते जड वाटते, भूक मरते, बारीक ताप येतो, आणि लोक त्याला 'गॅस' म्हणतात.

खाज. रात्री तळहात, तळपाय, नडग्या खाजवणे, आणि त्वचेवर पुरळ मात्र नसणे.

ताप. विशेषतः हुडहुडी भरून येणारा.

रक्त तपासणीसाठी मी रुग्णांना दोन आठवडे, सहा आठवडे, तीन महिने आणि सहा महिने असा क्रम देतो. इजेच्या स्वरूपानुसार आपले डॉक्टर तो बदलतील. त्यात अल्कलाइन फॉस्फेटेज आणि जीजीटी हे दोन आकडे असलेच पाहिजेत, कारण नलिका अरुंद होऊ लागली की कावीळ दिसण्याच्या बऱ्याच आधी हे चढतात. वाढत्या मुलांत हाडांमुळे अल्कलाइन फॉस्फेटेज मुळातच जास्त असते, म्हणून मुलांमध्ये जीजीटीवर भिस्त ठेवावी. उलट पित्त पोटात झिरपत असेल तर बिलिरुबिन वाढते, पण अल्कलाइन फॉस्फेटेज जवळपास नेहमीसारखे राहू शकते. हा फरक अहवाल वाचणाऱ्याच्या लक्षात आला तर अर्धे निदान तिथेच होते.

इशारा: मारानंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी डांबरासारखे काळे शौच किंवा रक्ताची उलटी झाली, सोबत उजव्या बाजूला कळा आल्या, तर यकृतातली रक्तवाहिनी पित्तनलिकेत फुटलेली असू शकते. ही त्याच तासाला रुग्णालय गाठण्याची गोष्ट आहे, मग रात्रीचे दोन वाजलेले का असेनात.

## टप्पा ५: कावीळ दिसली, आता क्रम चुकवू नये

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून थोडे सावकाश.

माझी स्वतःची चूक आधी सांगतो. एका वाडीत दूषित पाण्याने चार-पाच जणांना कावीळ झालेली होती, आणि त्याच वाडीतला तेरा वर्षांचा मुलगा पिवळे डोळे घेऊन आला. मी त्यालाही त्याच रांगेत बसवले. आठ दिवसांनी तो पुन्हा आला तेव्हा त्याच्या आजीने त्याची पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर केली. दोन्ही नडग्यांवर नखांचे पांढरे ओरखडे होते, काही ठिकाणी रक्ताळलेले. "रातभर खाजयता," ती म्हणाली. पाण्यातून येणाऱ्या काविळीतही खाज येऊ शकते, पण इतकी आणि इतक्या लवकर सहसा येत नाही. मग विचारले तेव्हा कळले की तीन महिन्यांपूर्वी उतारावर सायकलचे हँडल पोटात लागले होते. मी पहिल्या भेटीत तो प्रश्न विचारला नव्हता.

कोकणात पावसाळ्यात ताप आणि कावीळ एकत्र आली की लेप्टोस्पायरोसिस आठवणे बरोबरच आहे, आणि त्याचे औषध लांबवणे धोक्याचे आहे. लेप्टोत पोटऱ्या दाबल्या तरी दुखतात, डोळे लाल होतात, लघवी कमी होते, प्लेटलेट उतरतात. अडथळ्याच्या काविळीत खाज, फिकट शौच आणि चढलेले जीजीटी ठळक असते. तरीही चिन्हांवरून शंभर टक्के निवाडा करू नये. शंका असेल तर लेप्टोचे औषध सुरू ठेवून त्याच दिवशी पोटाची सोनोग्राफी करावी; एकासाठी दुसरे थांबवण्याचे कारण नाही.

त्यानंतरचा क्रम असा:

१. डॉक्टरांसमोर बसताच पहिले वाक्य माराचे असावे: 'अमुक तारखेला पोटाला मार लागला होता.' काविळीची गोष्ट नंतर.

२. एलएफटी जीजीटीसह, रक्त गोठण्याची तपासणी, रक्तातील पेशी, क्रिएटिनिन.

३. सोनोग्राफी. मुख्य नलिका साधारण ६ मिलिमीटरपर्यंत असते. त्याहून रुंद झालेली असेल आणि यकृतातल्या नलिकाही फुगलेल्या असतील तर खाली कुठेतरी वाट अडली आहे. पोटात द्रव असेल तर सुईने थोडा काढून त्यातले बिलिरुबिन मोजावे. ते रक्तातल्या बिलिरुबिनपेक्षा जास्त निघाले तर तो द्रव पित्त आहे.

४. एमआरसीपी. हा एमआरआयचाच प्रकार असून त्यात किरणोत्सर्ग नाही; नलिका कुठे अरुंद आहे आणि अरुंद भाग किती लांब आहे हे तो नकाशासारखे दाखवतो. चार ते सहा तास उपाशी जावे लागते, आणि शरीरात धातूचे काही बसवलेले असल्यास आधी सांगावे लागते.

५. ईआरसीपी. यात तोंडावाटे दुर्बीण घालून नलिकेच्या मुखापर्यंत जातात आणि तिथेच उपचारही करतात. म्हणून नुसते 'पाहायला' म्हणून ती आधी करू नये. नकाशा हातात घेऊन जावे. झिरप चालू आहे की थांबली, हे पाहण्यासाठी काही वेळा हायडा स्कॅन सांगतात. तो मोठ्या शहरांतच होतो.

इशारा: काविळीची माळ, नाकात थेंब, झाडपाल्याचा रस, या गोष्टींनी अरुंद झालेली नलिका उघडत नाही. माळ लांबत गेली म्हणजे कावीळ उतरली, ही समजूत ज्या घरांत पक्की आहे तिथे वाद घालण्यापेक्षा मी एवढेच म्हणतो की माळ गळ्यात ठेवा, पण सोनोग्राफी आजच करा. पोटात घेण्याचे औषध मात्र बंद, कारण त्यातले काही यकृताला आणखी बाधते.

इशारा: हुडहुडी, कावीळ आणि पोटदुखी एकत्र आली म्हणजे अडलेल्या पित्तात पू होत आहे. त्यात भ्रम झाला किंवा रक्तदाब उतरला तर वेळ फार थोडा उरतो. प्रतिजैविकाचा पहिला डोस आणि सलाइन इथेच, जवळच्या रुग्णालयात, आणि घाट त्यानंतर. मात्र ताप उतरला म्हणून परत फिरू नये. अडलेले पित्त वाहते केल्याशिवाय तो पुन्हा येतोच.

## टप्पा ६: पित्त झिरपत असेल तर

साठलेले पित्त सोनोग्राफीच्या मदतीने बारीक नळी घालून बाहेर काढतात, आणि ईआरसीपीने नलिकेच्या मुखाशी छोटा छेद देऊन किंवा स्टेंट (नलिका उघडी ठेवणारी छोटी नळी) बसवून पित्ताला आतड्याकडे सोपी वाट करून देतात. दाब उतरला की फाट बहुधा स्वतःच भरते. नलिका पूर्ण तुटलेली असेल तर हे पुरत नाही.

नळी घेऊन घरी आलेल्या रुग्णाची काळजी वहीवर चालते. वहीत तारीख, चोवीस तासांत जमलेले पित्त मिलिलिटरमध्ये, रंग, आणि ताप असे चार रकाने आखावेत. पिशवी रोज एकाच वेळी रिकामी करावी, मापट्याने मोजावी, हात साबणाने धुऊनच नळीला हात लावावा. सोनेरी-पिवळा ते गडद हिरवा रंग पित्ताचाच असतो. लाल झाला किंवा गढूळ होऊन वास आला तर त्याच दिवशी कळवावे. पिशवी नेहमी पोटाच्या पातळीखाली राहावी आणि नळी कपड्याला सैलसर टाचलेली असावी, म्हणजे कुशीवर वळताना हिसका बसत नाही.

आकडा अचानक शून्य झाला की घरचे खूश होतात. तसे होण्याआधी नळी कुठे मुरगळली किंवा सरकली नाही ना, हे पाहावे. खरी झिरप दिवसागणिक कमी होत जाते, एका रात्रीत थांबत नाही. उलट रोज अर्ध्या लिटरपेक्षा जास्त पित्त बाहेर जात असेल तर पाण्याबरोबर मीठही जाते. थकवा, गरगर, कमी लघवी ही त्याची चिन्हे. अशा वेळी ओआरएस सुरू करून डॉक्टरांना आकडा सांगावा.

## टप्पा ७: अरुंदपणा आणि स्टेंट

अरुंद भाग फुग्याने रुंद करून तो पुन्हा मिटू नये म्हणून आत स्टेंट ठेवतात. प्लास्टिकचे स्टेंट साधारण दर तीन महिन्यांनी बदलतात आणि संख्या वाढवत हा क्रम सुमारे वर्षभर चालतो. काही रुग्णांत पूर्ण आवरण असलेला धातूचा स्टेंट काही महिने ठेवून काढतात. कोणता योग्य, हे अरुंदपणाची जागा ठरवते.

ईआरसीपीला जाण्यापूर्वी सहा ते आठ तास उपाशी असावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेहाची औषधे आणि औषधांची ॲलर्जी आधीच लेखी सांगावी. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. जन आरोग्य योजनेतून उपचार घ्यायचे असतील तर रुग्णालय योजनेत आहे का आणि ही प्रक्रिया त्यात बसते का, हे तिथल्या आरोग्यमित्राकडून दाखल होण्यापूर्वी विचारावे. रेशन कार्ड, आधार आणि अपघाताचे कागद सोबत असावेत. स्टेंट किती वेळा बदलावा लागेल हेही तेव्हाच विचारावे, म्हणजे पुढच्या फेऱ्यांचे नियोजन होते.

प्रक्रियेनंतर चोवीस तासांत पोटाच्या वरच्या भागात असह्य दुखून कळ पाठीत गेली तर स्वादुपिंडाला सूज आलेली असू शकते. त्या रात्री शहरातच मुक्काम करावा; घाट उतरून घरी येण्याची घाई करू नये.

आता नेहमीची चूक. स्टेंट बसला, कावीळ उतरली, माणूस कामाला लागला, आणि बदलण्याची तारीख आली तेव्हा घरात कोणीतरी म्हणते, "गणपती झाल्यावर जाऊ." गणपतीनंतर भातकापणी, मग दिवाळी, मग जत्रा, आणि बघता बघता शिमगा. प्लास्टिकचा स्टेंट काही महिन्यांत गाळाने बुजतो. बुजलेला स्टेंट अरुंद नलिकेपेक्षा वाईट, कारण त्यात जंतू घर करतात. मी रुग्णांना स्टेंटचा प्रकार, संख्या, बसवल्याची तारीख आणि काढण्याची तारीख एका कार्डावर लिहून देतो आणि तेच भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये लाल पेनाने लिहायला सांगतो. बोटीवर जाणाऱ्याने ते तांडेलालाही सांगून ठेवावे.

पडताळणी: आपल्या शरीरात आज स्टेंट आहे का, किती आहेत, आणि ते कधी निघणार, या तिन्हींची उत्तरे घरातल्या किमान दोन माणसांना तोंडपाठ असावीत.

## टप्पा ८: शस्त्रक्रिया लागली तर

नलिका पूर्ण तुटलेली असेल किंवा स्टेंटने काम भागत नसेल, तर आतड्याचा एक वेढा वर नेऊन यकृतातून येणाऱ्या नलिकेला जोडतात. निदान उशिरा झालेले असेल तर ही शस्त्रक्रिया बहुधा लगेच करत नाहीत. पित्ताने भिजून सुजलेल्या जागी टाके धरत नाहीत, म्हणून आधी पित्त बाहेर काढून, संसर्ग आटोक्यात आणून काही आठवडे थांबतात. 'डॉक्टर चालढकल करतात' अशी तक्रार घेऊन नातेवाईक माझ्याकडे येतात. बहुतेक वेळा ते थांबणे हाच उपचाराचा भाग असतो. हे काम पित्तनलिकांच्या शस्त्रक्रिया नेहमी करणाऱ्या सर्जनकडेच व्हावे, कारण पहिली जोडणी बिघडली तर दुसरीसाठी नलिका तोकडी पडते.

थांबण्याचे आठवडे वाया घालवू नयेत. काविळीच्या रुग्णाला महिनाभर उकड्या तांदळाच्या पेजेवर आणि उसाच्या रसावर ठेवण्याची पद्धत आपल्याकडे आहे. त्यातून तो शस्त्रक्रियेच्या टेबलावर हाडांचा सापळा होऊन येतो. तळलेले आणि खोबऱ्याचे जड वाटण कमी करावे एवढेच. डाळ, अंडी, ताक, पातळ कालवणातले मासे, कुळथाचे पिठले हे चालते आणि हवे. दारू पूर्ण बंद. आतड्यात पित्त पोहोचत नसल्यामुळे के जीवनसत्त्व शोषले जात नाही आणि रक्त गोठायला वेळ लागतो. हिरड्यांतून रक्त येणे किंवा कारणाशिवाय काळे-निळे डाग उठणे दिसल्यास लगेच सांगावे. त्याची इंजेक्शने शस्त्रक्रियेपूर्वी देतात.

शस्त्रक्रियेनंतर झाडावर चढणे, जाळे ओढणे, पाटी उचलणे कधी सुरू करायचे, ते सर्जनने सांगितलेल्या तारखेनुसारच. एलएफटी तीन, सहा आणि बारा महिन्यांनी, आणि पुढे दरवर्षी एकदा करावी. जोडणीची जागा काही वर्षांनीही अरुंद होऊ शकते, आणि तेव्हाही पहिली खूण बहुधा हुडहुडीचा ताप किंवा चढलेले अल्कलाइन फॉस्फेटेज हीच असते.

ही शस्त्रक्रिया झालेल्या माणसाने प्रत्येक नव्या डॉक्टरला एक गोष्ट आवर्जून सांगावी: आतड्याची वाट बदललेली असल्यामुळे नेहमीची ईआरसीपी त्याच्यात सहसा होत नाही. पुन्हा अडथळा आला तर बरगड्यांमधून, यकृतातून सुई घालून नलिकेपर्यंत पोहोचावे लागते, आणि ती सोय असलेले रुग्णालय निराळे असू शकते. फाइलच्या मुखपृष्ठावर माराच्या तारखेखाली ही दुसरी ओळ त्याच जाड पेनाने लिहून ठेवावी.